घरची रांगोळी

हातोडीचा आवाज मध्येच थांबला, तेव्हा सुप्रभा स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

कट्ट्यावरच्या टेपरेकॉर्डरवर कीर्तन चालू होतं. पूर्वरंग संपत आला होता. बाहेर शिडीवर चढलेला डेरेक नेमका झांजेच्या ठेक्यात हातोडी मारतोय, याची तिला सकाळपासून गंमत वाटत होती. नामाचा ठेका कानावर पडला की कोणाचाही हात तालात पडतो, असं ती मनाशी म्हणालीही होती. आता झांज चालू राहिली आणि हातोडी तेवढी थांबली.

दोन मग आणि बिस्किटांची बशी घेऊन ती पुढच्या दारी आली. डेरेक शिडीवरून सावकाश उतरत होता. त्याच्या चिमटीत अंगठ्याएवढा पांढरट टवका होता. खाली आल्यावर त्याने तो गवतात फेकला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, हात पँटला पुसले आणि मग पँटकडे असं पाहिलं की जणू पुसायला नको होते.

"मिसेस पी, वरच्या खिडक्या उघड्या आहेत?"

"समोरच्या खोलीची आहे. दमट वास येतो म्हणून."

"बंद करा प्लीज. आणि इकडून जाऊ नका. मागच्या दाराने आत जा."

डेरेकचं इंग्रजी सुप्रभाच्या कानात शिरेपर्यंत त्याचं मराठी होऊन जाई. पस्तीस वर्षं या देशात काढल्यावर तेवढं जमायला लागलं होतं. 'पटवर्धन' हे नाव मात्र डेरेकला पहिल्या दिवशीच जमलं नव्हतं, म्हणून ती मिसेस पी.

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या त्या गल्लीतली सगळी घरं एका साच्याची. खाली विटा आणि वर, दोन खिडक्यांच्या मध्ये, आडव्या फळ्या. शेजारपाजाऱ्यांनी त्या काढून केव्हाच प्लॅस्टिकचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं आवरण, बसवून घेतलं होतं. सुप्रभाचं राहिलं होतं, कारण तिच्या यजमानांना, जयंतरावांना, त्या जुन्या फळ्या आवडायच्या. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी ते शिडीवर चढून त्यांना रंग द्यायचे. ते गेले, रंग द्यायचा राहिला, फळ्यांना तडे गेले आणि गेल्या हिवाळ्यात समोरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. मग क्रॉयडनहून तिच्या मुलीने, वरदाने, फोनवरच सगळं ठरवलं. "आई, दिवाळीच्या आत करून टाकू. तो खोली खूप कोल्ड होतो."

"काय झालं, डेरेक?"

"मला वाटलं होतं लाकूड आहे. रंगाखाली सिमेंटचा बोर्ड निघाला. बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस आहे आत." त्याने पिशवी वर धरली. "लॅबला पाठवतो. पण मी इतकी घरं पाहिलीत, मला शंका नाही. आता हात लावायचा नाही याला. खास माणसं येतील, सूट घालून, ओलं करून काढतील. तसं भिंतीवर नुसतं असलं तर काही करत नाही हे. कापलं, फोडलं, भुकटी उडाली की मगच धोका."

"असं."

"गॅरेजमध्ये याचे उरलेले तुकडे असतात बऱ्याचदा. आहेत का तुमच्याकडे?"

"होते," सुप्रभा म्हणाली.

"काय केलं त्यांचं?"

हातातल्या बशीत बिस्किटं घसरून एका कडेला गोळा झाली होती. तिने ती बोटाने सरळ केली.

"टाकले," ती म्हणाली.

मागच्या दाराने ती आत आली. टेपवर बुवांना बुक्का लावून हार घालणं चाललं असावं, मंडळींची कुजबुज ऐकू येत होती. यापुढे उत्तररंग. एरवी इथे ती हातातलं काम बाजूला ठेवून खुर्चीवर टेकायची. आज तिने टेप बंद केला.

तुकडे टाकले नव्हते. तुकडे कुटले होते.

झालं होतं असं, की घर घेतल्यानंतरची ती दुसरीच दिवाळी. जयंतराव स्लाउच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सुप्रभा हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये चादरींना ठिगळं लावायची, पेशंटच्या गाउनना नाड्या शिवायची. वरदा नुकती शाळेत जाऊ लागली होती. दिवाळीला दारात रांगोळी नाही, याचं सुप्रभाला फार लागायचं. पीठ टाकलं तर ओल्या हवेत त्याची लापशी व्हायची, मीठ विरघळून जायचं. अशात गॅरेजमध्ये आधीच्या मालकाने ठेवलेल्या फळ्यांच्या ढिगातली एक तिच्या हातून पडून फुटली. तुटलेल्या कडेची पांढरी भुकटी तिने चिमटीत घेतली, बोटांतून सोडून पाहिली. रेघ सरळ पडली. रत्नागिरीकडे तिच्या माहेरी शिरगोळ्याचे मऊ दगड कुटून रांगोळी करत, अगदी तशी.

"अहो, हे बघा. शिरगोळाच जणू."

जयंतरावांनी भुकटी चोळून पाहिली. "खाणच सापडली म्हण की. राणीला कळू देऊ नकोस, टॅक्स लावेल."

दोन शनिवार त्या तिघांनी कारखाना चालवला. जयंतरावांनी हातोडीने फळ्या फोडायच्या, सुप्रभाने लोखंडी खलबत्त्यात कुटायचं, आणि मलमलच्या जुन्या ओढणीची दोन टोकं आईने, दोन लेकीने धरून चाळायचं. चाळून झाल्यावर ओढणीत पिंजलेल्या कापसासारखा पुंजका उरायचा. वरदा तो तळहातावर घ्यायची, गाल फुगवून फुंकायची आणि टाळ्या पिटत त्याच्यामागे धावायची.

"म्हातारी! आई, म्हातारी उडाली!"

आणि आई हसायची. सावरीची म्हातारी पाहिलेली नाही पोरीने, निदान हे तरी, असं तिला वाटायचं.

त्या रांगोळीचं तिथल्या महाराष्ट्र मंडळात नाव झालं. बायका येऊन पुड्या बांधून न्यायच्या. मुरलीधरबुवा पुण्याहून आले आणि चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं कीर्तन झालं, तेव्हा बुवा उभे राहणार त्या जागी सुप्रभानेच शंख, चक्र आणि गोपद्मं काढली होती. उत्तररंगात बुवा रंगले. पायांत चाळ, हातात चिपळ्या, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि त्यांच्या पावलांखालून रांगोळी धुळीसारखी उठली. उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. पुढच्या रांगेत पोरं बसली होती, तोंडं उघडी टाकून. त्या उन्हात ती पांढरी धूळ अशी तरंगत राहिली की शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, मीनलने, तिच्या कानात म्हटलं होतं, "सुप्रभा, वैकुंठ ते हेच असणार." आणि सुप्रभाचे डोळे भरून आले होते.

ते ऊन आत्ता तिच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं. त्यातला एकेक कण तिला दिसायला लागला. जयंतराव शेवटच्या वर्षी जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचे. हृदय थकलंय म्हणाले होते डॉक्टर. हृदयच ना?

ती देवघराकडे वळली, पण देवासमोर हात जोडायचे तर तिथल्या पाटाभोवती वर्षानुवर्षं तीच रांगोळी पडलेली. देवाला तरी काय सांगायचं? तुझ्या पायाशी काय ओतलं मी, ते मलाच आज कळतंय, असं?

मग तिला डबा आठवला.

पुढे पुण्याची रांगोळी सहज मिळू लागली आणि घरची मागे पडली, पण एक डबा उरला होता. जांभळ्या रंगाचा, चॉकलेटचा पत्र्याचा. क्लॅडिंगच्या कामासाठी समोरच्या खोलीतलं कपाट रिकामं करताना तो सापडला आणि तिने मोठ्या कौतुकाने वरदाला दिला. वरदाच्या मुलीच्या, अन्वीच्या शाळेत दिवाळीचा कार्यक्रम होता. आया-बापांपैकी कोणी येऊन काही दाखवा, असं बाईंनी सांगितलं होतं आणि वरदा वर्गाला रांगोळी दाखवणार होती. आज. जेवणाच्या सुट्टीनंतर.

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तिने फोन उचलला आणि ठेवला. काय सांगायचं? लॅबचं अजून आलं नाही. नसलंच तर? उगाच पोरीचा जीव टांगणीला कशाला? आणि असलं तर… तर कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाळ, तुला मी माझ्या हाताने. त्यापुढचा शब्द तिला मनातसुद्धा पुरा करवेना. मग तिला एक युक्ती सुचली आणि तिने नंबर फिरवला. मोबाइल बंद होता. ऑफिसचा नंबर फिरवला. रिसेप्शनवरच्या मुलीने बराच वेळ वाट पाहायला लावलं.

"आई? ऑल राइट आहे ना? मी मीटिंगमधून बाहेर आले."

"अगं, काही नाही. तो डबा आहे ना रांगोळीचा, तो नको नेऊस शाळेत. त्यात, मला आत्ता आठवलं, उंदराच्या लेंड्या होत्या."

वरदा हसली. "ओ आई, डोन्ट वरी. काही उंदीरबिंदीर नव्हता. गाठी होत्या फक्त. मी काल चाळून घेतली सगळी, तू चाळायची तसं. माझ्या जुन्या टाइट्सच्या मोज्यातून! अन्वीने एक साइड धरली. इतकी मजा आली तिला, किचनभर पांढरं. तिचं नाक तर स्नोमॅनसारखं झालं होतं. आई? हॅलो? आई, आहेस ना तू?"

सुप्रभा भिंतीला टेकली. हॉलमध्ये जयंतरावांचा कोट अजून खुंटीला होता, त्याची बाही तिने घट्ट धरली.

"वरदा," ती म्हणाली, "उंदीर नव्हते. मी खोटं बोलले. ती रांगोळी नाही."

आणि तिने सांगितलं. फळ्या, गॅरेज, डेरेक, टवका. काही मागचं पुढे झालं, काही दोनदा सांगितलं.

"डबा बॅगेत आहे," वरदा शेवटी म्हणाली. अगदी वेगळ्या आवाजात, ऑफिसातल्या आवाजात. "माझ्या डेस्कखाली. झाकण टाइट आहे. ओके. ओके. मी टेप लावते त्याला. आई, मला आता बोलू नको काही."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

सुप्रभा मागच्या दाराने बाहेर आली. डेरेक कुंपणाशी, वारा येत होता त्या बाजूला उभा राहून गार झालेला चहा पीत होता. तिला पाहून त्याने बिस्किटाची बशी पुढे केली, जणू घर त्याचं होतं आणि पाहुणी ती.

"डेरेक, ते श्वासात गेलं तर काय होतं?"

"बहुतेकांना काहीसुद्धा नाही, मिसेस पी. खरंच."

"आणि कुटलं तर?"

"कुटलं?"

"कुटलं आणि चाळलं."

डेरेकने तिच्याकडे पाहिलं. कोणी कुटलं, कशासाठी, असं त्याने विचारलं नाही. "केव्हा?"

"तीस वर्षं झाली. आणि काल, मुलीकडे."

शिडीकडे बघत तो म्हणाला, "माझे वडील हेच कापायचे. आयुष्यभर, हातकरवतीने. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. आई मागच्या अंगणात त्यांचे कपडे झटकायची, आत घेण्याआधी."

"मग? कसे आहेत वडील?"

"मस्त आहेत. ऐंशी उलटली. रोज पबला जातात, पायी."

सुप्रभाचा श्वास जरा खाली बसला. "आणि आई?"

डेरेकने बिस्किट चहात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. ते मऊ होऊन तुटलं आणि मगात पडलं.

"मुलीला सांगा, व्हॅक्यूमचा हूवर लावू नकोस," तो म्हणाला. "हूवरने सगळं परत हवेत जातं. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकी पिशवीत घालायची, गाठ मारायची. खिडक्या उघड्या. ती चाळणी असेल तीही टाकायची. मी जरा व्हॅनमधून ताडपत्री आणतो."

वरदाचा मोबाइल पुन्हा बंद. यंत्रातल्या बाईने बोलायला सांगितलं. एरवी त्या बाईला घाबरून सुप्रभा फोन ठेवून द्यायची. आज तिने हूवर, फडकी, पिशवी, खिडक्या, टाइट्स सगळं धडाधड सांगितलं आणि वर पुन्हा एकदा सांगितलं.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. अन्वीला कडेवर घेऊन वरदा उतरली. पाच वर्षांची पोर पेंगुळली होती.

"आजी, मी कलर्ड राइसचा मोर काढला. मिसने वॉलवर फोटो लावणार."

"हो का गं? शहाणी माझी," सुप्रभा म्हणाली आणि हात पुढे केले. वरदाने पोरीला दिलं नाही. सरळ जिना चढून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं. अन्वीचे केस दोनदा धुतल्याचं तिच्या रडण्यावरून खाली कळलं.

सुप्रभाने वरणभात लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरली. खोबऱ्याची चटणी करावी म्हणून हात खलबत्त्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तोच होता तो. दाण्याचं कूट, वेलदोडे, अन्वीच्या वेळी वरदाच्या बाळंतपणात कुटलेला डिंक, सगळं याच्यात. त्या काळी घासला होता तिने, राखेने आणि चिंचेने, लख्ख. तिने त्याच्यावर फडकं टाकलं, चेहरा झाकावा तसं.

अन्वी झोपल्यावर वरदा खाली आली. ओल्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.

"जेवतेस?"

"आई, उंदीर का म्हणालीस तू?"

"घाबरले."

"मी पण घाबरलेय. मी दुपारपासून घाबरलेय. मी किचन पुसला, अन्वीचा बेड पुसला, मी गाडी पुसली, डबा गाडीत होता म्हणून. पण उंदीर? तू उंदीर म्हणाली आणि मी हसून फोन ठेवला असता तर? आणि परत घरी जाऊन हूवर केलं असतं तर?"

ताटात वाढलेल्या भाताची वाफ निघून गेली.

"मला आठवतं सगळं," वरदा म्हणाली. "गॅरेज. बाबांचा निळा स्वेटर. मी म्हातारी उडवायची. ते माझं बेस्ट आठवण आहे, आई. लहानपणाचं. मी ऑफिसमध्ये सांगते लोकांना."

तिने तोंडावर ओंजळ धरली. सुप्रभा उठली, पण जवळ जायचं की नाही ते तिला कळेना. आपल्याच स्वयंपाकघरात ती पाहुण्यासारखी उभी राहिली.

"कोणाला कळत नव्हतं गं तेव्हा," ती म्हणाली. "विकणाऱ्याला कळलं असेल तर असेल. मला दगड वाटला. पांढरा स्वच्छ दगड."

"माहीत आहे मला."

"तुला काही झालं तर—"

"आई, नको. तो सेंटेन्स पूर्ण करू नको. जीपी डॉक्टर म्हणेल ते म्हणेल. मंडेला जाते मी, दोघींचं सांगते त्याला." वरदाने ताट ओढलं. दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "भात कच्चा आहे."

"शिट्ट्या मोजल्या नाहीत."

"उंदरांनी खाल्ल्या असतील."

दोघींनाही हसू आलं नाही, पण वरदाने सगळा भात संपवला. नंतर भांडी आवरताना ती एकदा खोकली. साधा खोकला, फोडणीचा असेल. पण त्या रात्री फोडणी नव्हती. सुप्रभाच्या हातात ओली वाटी होती, ती पुसायची राहिली.

लॅबचं उत्तर डेरेकच्या अंदाजासारखंच आलं. वरदाच्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला, कागदावर नोंद करून ठेवली आणि म्हणाला, की आत्ता तपासून दिसेल असं काही नाही, बहुतेक कधीच काही होणार नाही, पण खोकला लांबला तर या. 'बहुतेक' हा शब्द वरदाने फोनवर मराठीत सांगितला. सुप्रभाने तो दिवसभर तोंडात ठेवला, सुपारीसारखा. कधी गोड लागायचा, कधी तुरट.

मग तिने एक काम काढलं. ज्यांना ज्यांना रांगोळी दिली होती, त्यांना ती एकेकीला फोन करू लागली. पहिला केला मीनलला, बर्मिंगहॅमला.

"अगं बाई," मीनल म्हणाली. "मी तर माधवच्या मुंजीत अंगणभर घातली होती." मग म्हणाली, "हे बघ, मुरलीधरबुवा एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. खोकलासुद्धा नव्हता त्यांना. तू आता कोणाला सांगत बसू नकोस. म्हातारपणी कशाला एकेकीच्या घशात काटा घालायचा?"

"डबे उरले असतील कोणाकडे."

"तीस वर्षांत?"

"माझ्याकडे उरला होता," सुप्रभा म्हणाली.

मीनल फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "माळ्यावर बघते हं मी."

कोणी चिडलं, कोणी हसण्यावारी नेलं, एकीचे यजमान फोनवर आले आणि म्हणाले, ती दोन वर्षांपूर्वीच गेली. कशाने, ते सुप्रभाने विचारलं. कॅन्सरने, ते म्हणाले, पोटाच्या. ती त्यांची क्षमा मागून बराच वेळ फोनपाशी बसून राहिली. रोज सकाळी पूजा झाली की एक फोन. जप असल्यासारखा. भीती कमी झाली नाही. पण तिला आता काही काम तरी मिळालं होतं.

सूट घातलेली दोन माणसं आली त्या दिवशी ऊन होतं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरी, तोंडावर मुखवटे. त्यांनी घराभोवती दोऱ्या बांधल्या, फळ्यांवर पाण्याचा फवारा मारला आणि एकेक फळी न तोडता, न आपटता, दोघांनी दोन टोकं धरून खाली आणली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, चिकटपट्टीने बांधली. सुप्रभा स्वयंपाकघराच्या बंद खिडकीतून बघत होती. दोन टोकं दोघांनी धरायची ही रीत तिच्या ओळखीची होती.

त्यांची व्हॅन निघायच्या आधी ती मागच्या दाराने बाहेर आली. दोरीच्या अलीकडे थांबली. डेरेक पुढे आला.

"हेही न्यायला सांगा त्यांना."

वरदाने डबा दोन पिशव्यांत बांधून आणून दिला होता, तो एका हातात. दुसऱ्या हातात, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. डेरेकने ते घेतलं आणि वजनाने त्याचा हात खाली गेला.

"लोखंड आहे, मिसेस पी. हे धुतलं की झालं. टाकायची गरज नाही."

"माझ्या आईने लग्नात दिलेला आहे," सुप्रभा म्हणाली. "न्या."

डेरेकने फडक्याचं टोक नीट खोचलं आणि तो दोन्ही हातांनी धरून घेऊन गेला.

दिवाळीच्या पहाटे वरदा आणि अन्वी मेडनहेडलाच होत्या. उजाडता उजाडता अभ्यंगस्नानं झाली. अन्वी आत चकली खात बसली. बाहेर घराच्या छातीवर नवं क्लॅडिंग होतं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत, बर्फीच्या ताटासारखं. सुप्रभाला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"काढायची ना?" वरदाने विचारलं.

"नको म्हणत होते मी."

"मग अन्वीला काय दाखवू? दे ते."

सुप्रभाने तांदळाची पिठी वाटीत पाण्यात कालवून आणली होती. सरसरीत, ओली, हवेत उडू न शकणारी. वरदा पायरीवर उकिडवी बसली, तीन बोटं वाटीत बुडवली आणि पहिली रेघ ओढली. पांढरं पाणी आधी दिसेना, मग सुकत सुकत वर येऊ लागलं. तिने एक गोपद्म काढलं, दुसरं काढलं. काढता काढता ती गुणगुणायला लागली. सुप्रभाने ओळखलं. मुरलीधरबुवांच्या नमनाची चाल. चर्चच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसून ऐकलेली, तेव्हापासून पोरीच्या गळ्यात राहिलेली. शब्द अर्धे विसरले होते, सूर एकही नाही.

त्या चालीत शेवटी एक लांब ओळ आहे. बुवा ती एका दमात म्हणायचे, चढत चढत, आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर वर जायचा. वरदा त्या ओळीशी आली. सुप्रभा पाण्याचा तांब्या धरून मागे उभी होती. ओळ चढू लागली. समोरच्या घरावर ऊन आलं. कुठे खरखर, कुठे अडखळणं, कुठे काही; सुप्रभा तो सूर असा ऐकत होती की इतक्या वर्षांत एकाही बुवांचं कीर्तन तिने तसं ऐकलं नव्हतं.

ओळ संपायच्या जरा आधी वरदा थांबली. तिने श्वास घेतला. मग उरलेली ओळ पुरी केली, आणि बोटं पुन्हा वाटीत बुडवली.

सुप्रभाने आपलाही श्वास सोडला. तांब्यातलं पाणी हलत होतं. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.